रोजा फर्ज नाही, मग घर फर्ज कसे?

रमजानमध्ये दहा वर्षांची मुलगी रोजा धरायचा हट्ट करते, तेव्हा घरातली मोठी माणसे तिला समजावतात. अजून तुझ्यावर फर्ज नाही, तू लहान आहेस, ऊन बघ किती आहे. तिने ऐकले नाही तर दुपारी कुणीतरी प्रेमाने तिच्या हातात पाण्याचा गिलास देते. हे बरोबरच आहे. शरीअतमध्ये नाबालिग मूल मुकल्लफ नसते, म्हणजे फर्जाचा हिशेब त्याच्याकडून मागितला जात नाही. नमाज शिकवायची, रोज्याची सवय लावायची, पण ओझे टाकायचे नाही, हा नियम आपल्याला तोंडपाठ आहे.

मग हीच मुलगी वर्षभर पहाटे उठून पाणी भरते, भात टाकते, धाकट्याला आंघोळ घालते, मधल्याचे दप्तर भरते, दादीला गोळ्या देते आणि उरलेल्या वेळात जमले तर शाळेत जाते, तेव्हा हा नियम कुठे जातो? अल्लाहने जे ओझे तिच्यावर टाकले नाही ते आपण टाकले. वर तिचे कौतुकही केले : 'पोरगी फार समजूतदार आहे हो.'

आपल्या कितीतरी घरांत लहान मुले आई-बापाची जागा चालवत आहेत. आपण त्याला संस्कार म्हणतो, तरबियत म्हणतो, मर्दानगी म्हणतो. हे म्हणणे आता बंद केले पाहिजे, आणि त्या जागेवर बालिग माणसे उभी केली पाहिजेत. अर्जुनी मोरगावसारख्या छोट्या ठिकाणी ते मोठ्या शहरापेक्षा सोपे आहे, कारण इथे कुणाच्या घरात काय चालले आहे ते सगळ्यांना माहीत असते.

हंगाम आईचा, घर मुलीचे

अर्जुनी मोरगाव हा गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिणेचा तालुका. एका बाजूला इटियाडोहचे पाणी, दुसरीकडे नवेगावबांधचे जंगल, पलीकडे गडचिरोली जिल्ह्यातले वडसा. इथल्या मजूर घरांचे वर्ष हंगामांवर चालते. जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी, दिवाळीच्या आसपास कापणी आणि मळणी, उन्हाळा लागताना मोहफूल, एप्रिल-मेमध्ये तेंदूपत्ता. मधल्या काळात हाताला काम नसले की पुरुष बाहेरगावी मजुरीला जातात. आई रोवणीला गेली, बाप बाहेरगावी गेला की घर कोण चालवते? थोरली. ती कधी बारा वर्षांची असते, कधी नऊ.

आपल्या समाजाची घरे इथे थोडी आहेत, पण हिशेब तोच आहे. बाप आठवडी बाजारात दुकान लावत असो, गॅरेजमध्ये राबत असो की ट्रकवर असो, आई शिलाई करत असो की बिडी वळत असो. शेजारच्या गोंड, ढिवर, बौद्ध, कुणबी घरांतल्या मुलीही तेच करतात. म्हणून हा प्रश्न एकट्या मुसलमानांचा म्हणून मांडण्याची गरज नाही. पण आपल्या घरांतल्या मुलांविषयी आपणच बोलायला हवे, कारण त्या ओझ्याला आपण दीनचे नाव देतो.

एक गोष्ट लक्षात घ्या. मुले सांभाळणे हे काम आहे, हे सरकारलाही कळलेले आहे. २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या अनुसूचीत तरतूद होती की कामावर आलेल्या बायांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा त्याहून जास्त मुले असतील, तर त्यांना सांभाळायला एका बाईला नेमायचे आणि तिला मजुरी द्यायची. म्हणजे पाच मुलांवर लक्ष ठेवणे हे एका मोठ्या माणसाचे पूर्ण दिवसाचे, मजुरी मिळण्यासारखे काम. तेच काम घरात नऊ वर्षांची मुलगी करते तेव्हा त्याची मजुरी नाही, हजेरी नाही, सुट्टी नाही. उलट शाळेच्या हजेरीपटावर तिची गैरहजेरी लागते.

घरातला कारकून, वय तेरा

आणखी एक काम आहे आणि ते आपल्या समाजात जास्त आढळते. घरात हिंदी-उर्दू बोलली जाते, कचेरीत मराठी चालते. अम्मीला मराठी बोलता येते पण अर्ज वाचता येत नाही. अब्बूंनी उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलेले. मग तहसीलची नोटीस, रेशनकार्डातले नाव, बँकेचे केवायसी, वीजबिलाची तक्रार, दवाखान्याची चिठ्ठी हे सगळे घरातल्या एकुलत्या एका मराठी शाळेत जाणाऱ्या मुलाकडे येते. तो सातवीत असतो. डॉक्टर त्यालाच सांगतात की आजार गंभीर आहे, नागपूरला मेडिकलमध्ये न्या. आता हे अम्मीला कसे सांगायचे, किती सांगायचे, हे तेरा वर्षांच्या मुलाने ठरवायचे. सावकाराला काय उत्तर द्यायचे तेही त्यानेच लिहायचे.

तुम्ही मराठीत हा लेख वाचत आहात. म्हणजे तुमच्यापैकी कित्येक जण घरातले ते मूल होते. तुम्हाला माहीत आहे की अर्ज भरायला वेळ लागत नाही. पण त्या अर्जात काय लिहिले आहे हे कळल्यावर रात्री झोप लागत नाही.

या प्रकाराला अभ्यासकांनी नाव दिले आहे. साल्वादोर मिनुचिन यांनी १९६७ साली न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतल्या कुटुंबांवर लिहिताना 'पालक-मूल' असा शब्द वापरला. १९७३ मध्ये इव्हान बोझोर्मेनी-नॉज आणि जेराल्डीन स्पार्क यांनी कुटुंबातल्या अदृश्य निष्ठांवर लिहिताना 'पेरेंटिफिकेशन' ही कल्पना मांडली. पुढच्या अभ्यासकांनी त्यात दोन प्रकार केले. एकात मूल कामे करते : स्वयंपाक, कमाई, आजाऱ्याची सेवा. दुसऱ्यात मूल मोठ्यांची मने सांभाळते : अम्मी-अब्बूंच्या भांडणात मध्यस्थी करते, अम्मीचे रडणे ऐकते, दारू पिऊन आलेल्या बापाला शांत करते, कुणाला काय सांगायचे नाही ते लक्षात ठेवते. दुसरे काम दिसत नाही, म्हणून त्याची भरपाईही होत नाही. हात थकले तर लोक बस म्हणतात. मन थकलेल्या मुलीला लोक 'शांत स्वभावाची' म्हणतात.

मदत कुठे संपते

इथे एक आक्षेप लगेच येतो. घरात मदत करणे वाईट आहे का? मुलांनी ताटसुद्धा उचलू नये का?

उचलावे. मुलगा असेल तर नक्की उचलावे, कारण आपल्या घरांत ताट उचलण्याचे काम फक्त बहिणीला शिकवले जाते. मदत आणि जबाबदारी यांत फरक आहे आणि तो तपासायला चार प्रश्न पुरतात. ते मूल आजारी पडले तर त्याचे काम कोण करते? ते 'आज नाही जमणार' म्हणू शकते का? त्या कामामुळे शाळा, झोप किंवा खेळ बुडतो का? आणि अडचण संपल्यावर मोठे माणूस ते काम परत आपल्या हातात घेते का? चारही उत्तरे ठीक असतील तर ती मदत आहे, मुलाला त्यातून शहाणपणच येईल. पण मूल आजारी पडल्यावर चूलच पेटत नसेल, तर ते मूल त्या घराचा पालक झाले आहे.

कुणी मूसा अलैहिस्सलाम यांच्या बहिणीचा दाखला देतील. आईने बाळाला पाण्यात सोडले आणि बहिणीला त्याच्या मागावर पाठवले. खरे आहे, तिने हिंमत दाखवली. पण सूरह कससमधला तो प्रसंग शेवटपर्यंत वाचा. तिचे काम एकच होते आणि ते संपले. तिच्या हुशारीमुळे बाळ परत आईच्या कुशीत आले, आणि पाजण्याचे, वाढवण्याचे काम आईकडे गेले. बहिणीने भावाला आईपर्यंत पोचवले, ती स्वतः आई झाली नाही. आपल्या घरांत बाळ बहिणीच्या कडेवर जाते आणि पुढची पाच वर्षे तिथेच राहते.

'गरिबी आहे, काय करणार?'

हा दुसरा आक्षेप, आणि हा खरा आहे. रोवणीची मजुरी सोडून आई घरी बसली तर खायचे काय? आई-बापांना दोष देण्यासाठी हा लेख नाही. त्यांच्यातल्या बहुतेकांचे स्वतःचे बालपण असेच गेले आहे. माझे भांडण त्यांच्या आजूबाजूच्या बालिग माणसांशी आहे, जी गरिबीचे कारण सांगून हात झटकतात.

सीरत आपण दरवर्षी ऐकतो. मिलादच्या जलशात आपल्याला सांगतात की पैगंबर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यतीम होते. पुढचे मात्र घाईने उरकले जाते. जन्माआधी वडील गेले. सहा वर्षांचे असताना आई आमिना गेल्या. त्या वेळी उम्मे ऐमन यांनी त्यांना मक्केला परत आणले. दादा अब्दुल मुत्तलिब यांनी सांभाळले. ते गेले तेव्हा मूल आठ वर्षांचे होते, मग चाचा अबू तालिब पुढे आले. एक मोठे माणूस गेले की दुसरे उभे राहिले. मुलाने बकऱ्या चारल्या, पण घराचा कर्ता त्याला कुणी केले नाही.

आणि पुढची गोष्ट तर आपल्या प्रश्नाचे सरळ उत्तर आहे. अबू तालिबांच्या घरी मुले बरीच होती आणि तंगीचे दिवस आले. तेव्हा हजरत मुहम्मद आपले चाचा अब्बास यांच्याकडे गेले. दोघांनी मिळून अबू तालिबांचे ओझे वाटून घेतले. एकाने अलीला आपल्या घरी नेले, दुसऱ्याने जाफरला. तंगी होतीच, पण तिचा भार बालिग माणसांनी उचलला. अबू तालिबांच्या थोरल्या मुलाने आता काहीतरी करावे, असे कुणी म्हटले नाही.

कुरआनची व्यवस्थाही तीच आहे. सूरह बकरामध्ये दूध पाजण्याविषयीच्या आयतीत मुलाच्या खर्चाची जबाबदारी बापावर आहे, आणि पुढे तशीच जबाबदारी वारसावरही सांगितली आहे. सूरह निसामध्ये यतीमांचा माल ते वयात येऊन त्यांच्यात समज दिसेपर्यंत त्यांच्या ताब्यात द्यायचा नाही, असा हुकूम आहे. ज्या वयात स्वतःचा मालसुद्धा हातात द्यायचा नाही, त्या वयात आपण अख्खे घर हातात देतो. सूरह माऊनमध्ये यतीमाला हाकलून देणाऱ्याची ओळख दीन नाकारणारा अशी करून दिली आहे. बाप जिवंत आहे पण पाठवत काहीच नाही, आई जिवंत आहे पण अंथरुणाला खिळली आहे, अशा घरातले मूल कागदावर यतीम नसेल. चूल त्याच्याच भरवशावर आहे.

'संघर्षातूनच माणूस घडतो'

हे वाक्य सत्कार समारंभात हमखास ऐकू येते. उदाहरणेही तयार असतात.

मास्टर दीनानाथ मंगेशकर २४ एप्रिल १९४२ रोजी गेले तेव्हा लता मंगेशकर १२ वर्षांच्या होत्या. मागे आई आणि चार धाकटी भावंडे. त्याच वर्षी त्या चित्रपटात काम करू लागल्या. पुढचे सगळ्या देशाला माहीत आहे. पण मास्टर विनायकांसारखे कुटुंबाचे स्नेही त्या काळात पाठीशी उभे राहिले, हे भाषणांत क्वचितच येते. आणि दुसरी मुलगी पाहा. मुंबईच्या एका गरीब कलावंत घरातली महजबीन, १९३९ मध्ये 'लेदरफेस' चित्रपटात बालकलाकार म्हणून आली, तेव्हा वय सहाच्या आसपास. शाळा जवळपास नाहीच. तिच्या कमाईवर घर चालले. ती मीना कुमारी झाली आणि ३१ मार्च १९७२ रोजी चाळिशीच्या आतच गेली. आपण तिला 'ट्रॅजेडी क्वीन' म्हणतो आणि त्या दुःखाची सुरुवात कुठून झाली ते विचारत नाही.

आपल्या मराठी मुलुखाची सर्वांत जुनी गोष्ट तर आळंदीची आहे. परंपरा सांगते की धर्ममार्तंडांनी बहिष्कृत केलेल्या विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंनी प्रायश्चित्त म्हणून देह ठेवला आणि चार मुले पोरकी झाली. धाकट्या मुक्ताबाईने रुसलेल्या ज्ञानेश्वरांची आईसारखी समजूत घातली, यावर सगळा महाराष्ट्र गहिवरतो. तिला ती वेळ कुणी आणली? गावातल्या प्रतिष्ठित, धर्म जाणणाऱ्या माणसांनी. मुलांच्या मोठेपणाच्या गोष्टी सांगताना मोठ्यांचा गुन्हा झाकला जातो, हे तेव्हापासून चालू आहे.

लता मंगेशकर एकच झाली. तिच्या नावावर लाखो मुलींची शाळा सोडवणे हा हिशेब कुणालाच पटू नये.

बापाचे कर्ज मुलीवर

आपल्या समाजात ज्या विषयावर बोलले की लोक उठून जातात, तो इथे टाळता येणार नाही. तलाक देऊन किंवा न देताच बायकोला माहेरी पाठवणारा, दुसरा संसार थाटणारा आणि पहिल्या मुलांना एक रुपया न पाठवणारा बाप आपल्या मोहल्ल्यात असतो. तो जुम्याला पहिल्या सफात बसतो. त्याच्या सोडलेल्या घरात त्याचा चौदा वर्षांचा मुलगा पंक्चरच्या दुकानात बापाची जागा भरून काढत असतो. आपण त्या मुलाला 'मर्द झाला' म्हणतो. बापाला कुणी काही म्हणत नाही.

कायदा मात्र इथे स्पष्ट आहे. नूर सबा खातून खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सांगितले की तलाकनंतरही मुस्लिम बापावर आपल्या अल्पवयीन मुलांच्या पोटगीची जबाबदारी राहते. १९८६ च्या मुस्लिम महिला कायद्यातली दोन वर्षांची मर्यादा दाखवून त्याला ती टाळता येत नाही. १० जुलै २०२४ रोजी त्याच न्यायालयाने तलाकशुदा मुस्लिम स्त्रीलाही फौजदारी संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी मागता येते, हे पुन्हा सांगितले. ते कलम आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ आहे. अर्ज करायला पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, आणि १९८७ च्या कायद्याने स्त्रिया व मुलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

पोटगी मागणे बेइज्जतीचे वाटते म्हणून अम्मी कोर्टात जात नाही, आणि तिच्या इज्जतीची किंमत थोरली मुलगी शाळा सोडून भरते. नफका हा मुलाचा हक्क आहे. बाप देत नसेल तर तो मुलाचा कर्जदार आहे. मशीद कमिटीने त्याला बोलावून हे तोंडावर सांगितले तर कोर्टाची पायरी चढायची गरजही अनेकदा पडणार नाही. पण त्यासाठी कमिटीला मुलाची बाजू घ्यावी लागेल.

सरकारचा वाटा

सगळे समाजावर टाकून सरकारला मोकळे सोडू नका. राज्यघटनेच्या कलम २१-क ने ६ ते १४ वयाच्या मुलांना शिक्षणाचा हक्क दिला आणि १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. सच्चर समितीने २००६ मध्ये सांगितले होते की याच वयोगटातली २५ टक्के मुस्लिम मुले एकतर शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा शाळा सोडून बसली होती. हे आकडे समोर असताना केंद्र सरकारने २०२२ मध्ये पहिली ते आठवीची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती बंद केली. ती रक्कम मोठी नव्हती. पण मुलीला शाळेत ठेवायला घरात एक कारण होते, ते गेले.

बालमजुरीच्या कायद्याचेही तसेच. १९८६ च्या कायद्यात बिडी वळणे मुलांना बंदी असलेल्या कामांत होते, पण घरच्या माणसांच्या मदतीने चालणाऱ्या कामाला सूट होती, आणि बिडी तर घरीच वळली जाते. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलांना सर्व कामांत बंदी केली, पण शाळेनंतर आणि सुट्टीत कुटुंबाला आणि कौटुंबिक व्यवसायाला मदत करायची मुभा ठेवली. त्यात कुटुंब म्हणजे आई-बाप, भावंडे, आणि चाचा, फुप्पी, मामू, खालासुद्धा. ज्या नातेवाइकांनी मुलाला आधार द्यायचा, त्यांनाच त्याच्याकडून काम करून घ्यायची वाट कायद्याने मोकळी ठेवली. घरातला स्वयंपाक आणि भावंडे सांभाळणे तर कायद्याच्या नजरेत कामच नाही.

इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्यांनी आजारी किंवा अपंग माणसाची काळजी घेणाऱ्या मुलांना वेगळी ओळख दिली. अशा मुलाला कोणती मदत हवी आहे ते स्थानिक प्रशासनाने तपासायचे असते. आपल्याकडे अशा मुलांची यादीसुद्धा नाही. कोविडमध्ये दोन्ही पालक गेलेल्या मुलांची मोजदाद झाली, राज्याने त्यांच्या नावावर ५ लाख रुपयांची ठेव ठेवली. ते योग्य झाले. पण ज्याचा बाप दारूने गेला, जिची आई टीबीने झिजते आहे, ज्याचा बाप तुरुंगात आहे, ते मूल कोणत्या यादीत आहे?

तरी काही दरवाजे आहेत. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेत अनाथ, एकपालक किंवा गंभीर आजारी पालकांच्या मुलांना २०२३ पासून दरमहा २,२५० रुपये मिळतात. संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान तेव्हापासून दरमहा १,५०० रुपये आहे आणि अर्ज तहसीलला होतो. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस ५९ वर्षांच्या आत गेला तर राष्ट्रीय कुटुंबलाभ योजनेतून एकदाच २०,००० रुपये मिळतात. मुलाच्या अडचणीसाठी १०९८ हा फोन क्रमांक आहे. अडचण कुठे येते? महिला व बालविकासचे जिल्हा कार्यालय आणि बाल कल्याण समिती गोंदियाला. अर्जुनीहून गोंदियाला जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडवायची, आणि एक कागद कमी निघाला की परत एक दिवस. एकट्या बाईला ते झेपत नाही. मग ती मुलाला शाळेतून काढून सोबत नेते, अर्ज वाचायला.

आता तुमच्याकडे

तुम्ही वीस-बावीस वर्षांचे आहात. तुम्हाला मराठी वाचता येते, मोबाइलवर अर्ज भरता येतो, गोंदियाच्या गाडीत बसता येते. तुम्ही बालिग आहात. सातवीतल्या मुलावर जे फर्ज नाही, त्यातले पुष्कळसे तुमच्यावर आहे.

आधी मोजणी करा. आपल्या मोहल्ल्यात कोणत्या घरात मूल पालक झाले आहे ते पाच जणांनी बसून लिहा. धर्म विचारू नका, शेजारच्या टोलीतले घरही लिहा. प्रतापगडच्या डोंगरावर महादेवाची यात्रा आणि ख्वाजा उस्मान गनी हारूनींचा दर्गा दोन्ही नांदतात, त्या तालुक्यात यादी दोन असायचे कारण नाही. ही यादी चारचौघांत वाचायची नसते, व्हॉट्सअॅपवर तर मुळीच टाकायची नाही. त्या मुलांना कौतुकासारखीच दयाही नको आहे.

मग जुम्याच्या नमाजनंतर तासभर मशिदीबाहेर टेबल टाका आणि अर्ज भरून द्या. गोंदियाला महिन्यातून एकदा एकाच माणसाने दहा घरांचे कागद घेऊन जावे. तहसीलची नोटीस वाचायला आता सातवीतला मुलगा लागणार नाही, एवढे एका महिन्यात होऊ शकते.

मशीद कमिटीकडे जा आणि जकातीचा हिशेब मागा. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत किराण्याची पिशवी देऊन फोटो काढणे पुरेसे नाही. त्या घराला रोवणीच्या हंगामात, जेव्हा मुलगी शाळेतून निघते, तेव्हा पैशाची गरज असते. सूरह तौबामध्ये जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत फकीर आणि मिस्कीन पहिले. त्यांच्या घरात मुले सांभाळायला हंगामापुरती एका गरजू बाईला मजुरीवर ठेवता आले, तर एका खर्चात दोन घरे सावरतील. कमिटी म्हणेल की पैसे नाहीत. मग उर्स आणि जलशाच्या मंडपाचा खर्च काय झाला ते अदबीने विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.

शाळेच्या व्यवस्थापन समितीत शिक्षण हक्क कायद्याने तीन चतुर्थांश जागा पालकांच्या असतात. तिथे आपल्या मोहल्ल्यातली एक आई पाठवा आणि रोवणीच्या महिन्यांत गैरहजर मुलींची चौकशी करायला लावा. सतत गैरहजर मुलीचे नाव पटावरून काढण्याआधी तिच्या घरी जायला काय हरकत आहे?

आणि भावांनो, तुमच्या स्वतःच्या घरात बघा. तुमची बहीण तुमच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान आहे आणि तुमचे कपडे धुते. तुमच्या बीएससाठी तिची दहावी गेली. झाडू, भांडी, दादीची औषधे यांतले निम्मे उद्यापासून तुमचे. पैगंबर घरी स्वतःचे कपडे शिवत, चपला सांधत, हे सीरतमध्ये आहे. त्या सुन्नतीला दाढीइतकाच मान द्या. आणि तिला सतराव्या वर्षी 'चांगले स्थळ आले' म्हणून दुसऱ्या घराची चूल देऊ नका. कायदा अठरा म्हणतो, आणि तिचे बालपण तर आधीच खर्च झाले आहे.

शेवटी, तुमच्यातल्या त्या मुलांसाठी जी आजही ही जागा चालवत आहेत. थकवा आला म्हणून तुम्ही नाफरमान ठरत नाही. अम्मीवर माया असणे आणि हे काम माझे नव्हते असे वाटणे, दोन्ही एकाच मनात असू शकते. आई-बापांची खिदमत हे बालिग औलादीचे कर्तव्य आहे, आणि ते करायला तुमच्यापुढे अख्खे आयुष्य आहे. आत्ता शाळेत जा. आज संध्याकाळी घरात काय शिजेल, याची फिकीर मोहल्ल्यातल्या मोठ्या माणसांनी करायची आहे. त्यांनी ती केली नाही, तर याच पानावर त्यांना पुन्हा विचारू.